दोन कापडांचा शर्ट

उखा नानांचा शर्ट दोन दुकानांतून येतो. डावी बाही, डावी छाती आणि पाठीचा डावा भाग एका व्यापाऱ्याच्या कापडाचा. उजवीकडचं सगळं दुसऱ्याच्या. मधे गुंड्यांची पट्टी, दोन भावांच्या वाटणीतल्या बांधासारखी. डावीकडे खाकी तर उजवीकडे निळा, नाहीतर डावीकडे राखाडी आणि उजवीकडे मेंदीच्या रंगाचा. असा शर्ट घालून हा साठीला टेकलेला, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस नरडाण्याच्या रस्त्यानं इतक्या ताठ मानेनं चालतो की बघणाऱ्यालाच आपला एकरंगी शर्ट चुकीचा वाटायला लागतो.

नाना वेडे नाहीत. हे मी सांगतोय, आणि त्यांची वकिली करायचं मला काहीही कारण नाही. का नाही, ते पुढे येईलच. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेंगदाणे आणि फुटाणे भाजायचा एक कारखाना आहे. तिथे नाना तीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. भट्टीवर, चाळणीवर, पॅकिंगला मिळून सव्वादोनशे माणसं, आणि दसऱ्याला प्रत्येकाला गणवेशाचे दोन जोड. त्या गणवेशाचं कापड नाना ठरवतात. सही मालक करतात, पण नानांनी मान हलवल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नाही.

इतर ठिकाणी कापड कसं ठरतं, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? साहेब एसीत बसतो, नमुन्यांचं पुस्तक चाळतो, चमक बघतो, भाव विचारतो आणि ज्या कापडात तो स्वतः कधी शिरणार नाही ते दुसऱ्यांच्या अंगावर चढवतो. नानांचं तसं नाही. चैत्र तापला की ते सगळ्या व्यापाऱ्यांकडून शर्टापुरतं कापड मागवतात आणि आखाड्यात कुस्त्या लावाव्यात तशा कापडांच्या जोड्या लावतात. दोन कापडांचा एक शर्ट. आठ दिवस तोच. संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. जो हरला त्याला निरोप जातो, जो जिंकला तो पुढच्या शर्टात नव्या गड्याशी भिडतो.

एकदा मी विचारलं होतं, दोन वेगळे शर्ट का शिवत नाही?

नाना म्हणाले, "आज एक घातला, उद्या दुसरा, तर ऊन वेगळं, घाम वेगळा, माणसाचं मनबी वेगळं. एकाच दिवशी, एकाच उन्हात, एकाच माणसाला विचारलं पाहिजे." मग आपल्या बोलीत पुस्ती जोडली, "डोया खोटं बोलस. आंग नही."

डोळा खोटं बोलतो, अंग नाही. हा नानांचा वेद. त्यांचं न्यायदान इतकं काटेकोर की धुळ्याला जाताना एसटीत ते डावीकडच्या खिडकीशी उन्हात बसतात आणि येताना मुद्दाम उजवीकडच्या. कंडक्टरनं सावलीतली जागा दिली तर घेत नाहीत. दोन्ही व्यापाऱ्यांना सारखं ऊन मिळालं पाहिजे म्हणतात. जळगावच्या बाजारात मी पंचवीस वर्षं आहे. व्यापाऱ्यांना सारखं काही मिळावं म्हणून स्वतः तापणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भेटल्यावर लोक विचारतात, काय, बरं आहे ना? नाना विचारतात, "आंग काय म्हनस?" आणि ते तुमच्या तब्येतीबद्दल नसतं, कपड्याबद्दल असतं. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला त्यांनी हे विचारलंय. नव्यानं आलेल्या डॉक्टरला त्याच्या पांढऱ्या कोटाबद्दल विचारलंय. एका लग्नात स्टेजवर आहेराचं पाकीट देताना त्यांनी शेरवानीतल्या नवरदेवाच्या कानात तेच विचारलं. सकाळपासून कोणी आपली चौकशी करेल म्हणून थांबलेला तो पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "टोचतं हो, नाना. काखेत लई टोचतं." नानांनी तिथल्या तिथे खिशातली छोटी कात्री काढून शेरवानीच्या आतली जरीची दोन टोकं कापली. फोटोत नवरदेव हसतोय तो नंतरचा.

दुसरं एक लग्न यावलला होतं. नाना तेव्हा लाल-निळ्या शर्टाच्या आठवड्यात होते. बँडवाल्यांचे कोटही नेमके लाल-निळे. मालकाला वाटलं, हा आपलाच उशिरा आलेला माणूस. त्यानं दोन शिव्या घातल्या आणि नानांच्या हातात खुळखुळा दिला. नानांनी तो निमूटपणे वरात मारुतीच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर वाजवला. कारण विचाराल तर, बँडच्या कोटाचं कापड जवळून बघायची संधी होती. देवळापाशी त्यांनी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा पिपाणीवाला मधेच थांबतो तो दम लागून नाही. त्याची कॉलर त्याचा गळा धरते." पुढच्या हंगामात त्या बँडचे कोट बदलले. ते कापड माझ्या दुकानातून गेलं, हेही सांगून ठेवतो. मी संधी सोडत नाही.

आता माझं गाऱ्हाणं.

मी सायकलच्या कॅरिअरवर कापडाचं गाठोडं बांधून सुरुवात केली. पहिली पाच वर्षं जळगावातली एकही गल्ली अशी नव्हती जिथलं कुत्रं मला ओळखत नव्हतं. पुढे दुकान झालं, गोदाम झालं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळे माझं कोणी काही घेतलं की मला चटकन राग येतो. बारा वर्षांपूर्वी मी नरडाण्याच्या या कारखान्यात पहिल्यांदा नमुना घेऊन गेलो. कापड झुळझुळीत होतं, इस्त्री न मोडणारं, चमक अशी की मालक हात फिरवून खूश. पॉलिस्टर जास्त, सूत नावाला. पण त्या काळी सगळेच तेच विकत होते.

नाना म्हणाले, "शर्ट शिवून आणलाय का?"

मी म्हटलं, आणलाय. दाखवायला एक शिवून नेलाच होता.

"मग घाला. जो इकस, त्यानी पहिले घालानं."

विकणाऱ्यानं आधी घालायचं. वैशाख महिना, दुपारचे दोन, आणि नानांनी मला शेंगदाण्याच्या भट्टीसमोर उभं केलं. म्हणाले, इथल्या बाया आठ तास उभ्या राहतात, तुम्ही एक तास राहा. मी मानी माणूस. राहिलो. पाच मिनिटांत पाठीवरून धार लागली. दहा मिनिटांत शर्ट अंगाला असा चिकटला की श्वास घेताना तो बरोबर यायला तयार नव्हता. विसाव्या मिनिटाला मी काय करतोय हे मला कळायच्या आत शर्टाच्या गुंड्या तुटून उडाल्या होत्या आणि मी चाळीस बायामाणसांसमोर बनियनवर उभा होतो.

नानांनी तो शर्ट दोन बोटांनी उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणाले, "हाई कापड नही भो, पोतं शे. यामा दाना भरा, मानूस भरू नका."

कापड नाही, पोतं आहे. यात दाणे भरा, माणूस भरू नका. भट्टीवरच्या बाया इतक्या हसल्या की शेंगदाण्यांचा एक घाणा करपला. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण खान्देशात शब्द एसटीपेक्षा लवकर पोचतो. मी जळगावला उतरायच्या आत बाजारात माझं नाव पडलेलं होतं. पोतेवाले शेठ. लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून देताना लोक आजही खालच्या आवाजात तेवढं सांगतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात विहिणीनं विचारलं, "तुमचा बारदानाचा धंदा आहे ना?"

त्या दिवशी मी ठरवलं, याच कारखान्यात, याच माणसाच्या तोंडून, याच बायांसमोर "हे कापड आहे" असं म्हणवून घेईन. मग मेलो तरी चालेल.

बारा वर्षं मी नमुने पाठवत राहिलो आणि हरत राहिलो. मात्र दरवेळी निरोपासोबत कारण यायचं. घाम पितं पण सोडत नाही. धुतल्यावर काखेत आखडतं. मिरची भाजायच्या दिवशी ठसका धरून बसतं. मी दात खाऊन ते कारण वाचायचो आणि पुढच्या वर्षी तेवढं सुधारायचो. त्यामुळे झालं असं की माझं कापड बाकी सगळीकडे पास व्हायला लागलं. पेट्रोल पंप, दवाखाने, दोन शाळा, एक सूतगिरणी. गणवेशाच्या कापडात आज जळगावात माझा हात धरणारा कोणी नाही. हे नानांमुळे झालं असं काही लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी शेवटच्या जोडीपर्यंत पोचून हरलो, आणि हरलो कोणाशी, तर माझ्या साडूशी. त्याचं पाचोऱ्याला दुकान आहे. त्याला सूत आणि सुतळीतला फरक त्याचा नोकर सांगतो. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हा सगळा बाही-बाहीचा खेळ म्हणजे नुसतं सोंग असेल तर? नाना मनाला येईल ते बोलत असतील, आणि मी बारा वर्षं त्यांच्या मनाला येईल ते सुधारत असेन तर?

त्यात बातमी आली की नाना या दिवाळीला निवृत्त होणार. म्हणजे ही शेवटची संधी.

मग मी एक गोष्ट केली. मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याकडे आठ वेळा जाऊन, भांडून, सूत बदलून, विणीत बदल करून मी एक तागा विणून घेतला. तसं कापड मी आयुष्यात विकलं नव्हतं. हातात घेतलं की हात गार. त्या एकाच ताग्याचे दोन तुकडे केले. एक आकाशी रंगवला, एक राखाडी. आकाशी माझ्या नावानं पाठवला. राखाडी साडूच्या नावानं, पाचोऱ्याहून. साडूला सांगितलं, काही विचारू नको, फक्त पाठव. तो विचारत नाहीच.

माझा हिशेब सरळ होता. दोन्ही कापडं बाकीच्यांना पाडणार आणि शेवटी एकमेकांसमोर येणार, याबद्दल मला शंका नव्हती. तेव्हा नाना म्हणाले की दोन्ही सारखीच आहेत, तर माणूस खरा, आणि माझं कापड पास. ते म्हणाले की एक चांगलं आणि एक वाईट, तर सगळ्यांसमोर मी त्यांचं सोंग उघडं पाडणार. पुरावा म्हणून त्याच ताग्याची हातभर पट्टी खिशात ठेवली होती. एक टोक आकाशी, एक टोक राखाडी, मधे कोरी. दोन्हीकडून जीत माझी. सौदा असाच करावा लागतो.

निकालाच्या दिवशी मी नरडाण्याला पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. भट्टीवरची सीताअक्का दारात भेटली. ही तिथली सगळ्यात जुनी बाई. माझ्या गुंड्या तुटल्या तेव्हा ती होती, आणि ते ती मला विसरू देत नाही.

"या पोतेवाले," ती म्हणाली. "आज गुंड्या पक्क्या लावल्या ना?"

"तुमचे नाना कुठे आहेत?"

"येतील. मीच आत्ता त्यांच्या गुंड्या लावून आले. पाठीवरच्या."

"पाठीवरच्या?"

सीताअक्कानं सांगितलं की या उन्हाळ्यात नानांनी नवीनच खूळ काढलंय. चार दिवस शर्ट सरळ घालतात आणि चार दिवस उलटा, पुढचं मागे. गुंड्या पाठीवर येतात, मग सकाळी कोणातरी बाईला हाक मारतात. बाया हसतात तर म्हणतात, पाठीलाबी विचारावं लागतं. मलाही हसू आलं. म्हटलं, आज हे सगळं सोंग निघणार. खिशातली पट्टी चाचपून घेतली.

कॅन्टीन भरलं. नाना आले. डावीकडे माझं आकाशी, उजवीकडे साडूचं राखाडी, म्हणजे तेही माझंच. आज शर्ट सरळ होता. निकालाला सगळ्यांना समोरून दिसावा म्हणून त्यांनी परत फिरवून घेतला होता. चहा आला. स्टीलच्या पेल्यात, काठोकाठ, आधणासारखा. मी उचलायला गेलो आणि बोटं झटकून पेला परत टेबलावर ठेवला. सगळ्यांनीच ठेवले होते. कोणी पदरानं धरला होता, कोणी काठाला दोन बोटं लावून.

नाना उभे राहिले. या कॅन्टीनमधला त्यांचा शेवटचा निकाल, त्यामुळे चाळणीवरचे लोकही येऊन दाराशी थांबले होते.

"डावं जळगावचं, उजवं पाचोऱ्याचं," नाना म्हणाले. "दोन्ही गुणी. डावं गार आहे. घाम पितं, सोडतं, आखडत नाही." माझी छाती फुगली. "पण उजवं त्याच्याहून गार. आठ दिवसांत एकदा बोललं नाही. पाचोऱ्याचं घ्या."

मी हरलो होतो. माझ्याच कापडाकडून.

डोक्यात जी तिडीक गेली ती सांगत नाही. राग आला की मी माझ्या आईच्या बोलीवर येतो, आणि आईची बोली शिव्यांना फार सोयीची. तोंड उघडलं. हात खिशात घातला. पट्टी अर्धी बाहेर आली.

आणि मला नानांचा उजवा हात दिसला.

त्या हातात चहाचा पेला होता. काठाला धरलेला नाही, पदरानं नाही. अख्खी मूठ पेल्याभोवती, घट्ट. चहातून वाफ येत होती. नाना बोलताना तो हात हलवत होते, बोटांवर चहा सांडत होता, आणि नानांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नव्हती. तळहाताची कड लालबुंद झाली होती.

आठ दिवसांत एकदा बोललं नाही.

मी पट्टी परत खिशात सारली. उठलो, नानांच्या हातातून पेला काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "माझ्या साडूचं अभिनंदन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीताअक्का माझ्याकडे संशयानं बघत राहिली. मी इतक्या सहज हरल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर मी नानांना गाठलं. ते स्टेशनच्या रस्त्यानं घरी निघाले होते. नानांची बायको जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी सुरतेला. रस्ता मोकळा होता. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायला लागलो.  भाव कसा काढावा हे मला कळतं, माणसाला कसं विचारावं हे तितकंसं कळत नाही. शेवटी त्यांचंच वाक्य वापरलं.

"नाना, आंग काय म्हनस?"

नाना थांबले. मला वाटतं, तीस वर्षं ज्यानं सगळ्या जगाला हा प्रश्न विचारला, त्याला तो परत कोणी विचारला नव्हता. आधी ते हसले. मग त्यांनी आपला लाल तळहात उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा.

"उजवं रुसी गयं, भो," ते म्हणाले.

गेल्या थंडीत एका सकाळी उठले तर सगळी उजवी बाजू बधिर. हात हलतो, पाय चालतो, पण काही कळत नाही. थंड नाही, गरम नाही, टोचणं नाही. दोन दिवस वाट बघितली, मग वाटलं येईल आपोआप. कोणाला सांगितलं नाही. घरात माणूस असतं तर भांडं हातात चिकटलेलं बघून ओरडलं असतं, पण घरात माणूस नाही. आणि कारखान्यात सांगून काय सांगायचं? की ज्या अंगाला विचारून तुम्हाला कपडे दिले, ते अर्धं अंग आता उत्तर देत नाही?

"म्हणून शर्ट उलटा घालायचो," नाना म्हणाले. "उलटा घातला की उजवीकडचं कापड डावीकडे येतं. मग डाव्याला विचारायचं. चार दिवस एक, चार दिवस दुसरं. न्याय झाला पाहिजे."

मला त्या पाठीवरच्या गुंड्या आठवल्या, आणि माझं हसूही.

"मग आज काय झालं? डाव्यानं दोन्ही सांगितलंच असेल की."

 नानांनी डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला, कापड चोळून बघावं तसा.

"हाई शेवटली जोडी. चार दिवस तुन्हं पाहिलं, चार दिवस पाचोऱ्याचं," ते म्हणाले. "डावं म्हनस, दोन्ही एकच. म्हटलं, कसं होईल? दोन गावं, दोन दुकानं, दोन रंग. दोन गावनं कापड आणि हात म्हणतो एकच. पुन्हा घातलं. पुन्हा एकच. मंग समजनू." त्यांनी डावा हात खाली सोडला. "डावं बी चालनं, भो."

डावंही चाललं. मग आज कॅन्टीनमधे उभे राहून तोंडाला आलं ते नाव घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. असं म्हणून नाना चालायला लागले, आणि पहिल्यांदाच मला त्यांची मान ताठ दिसली नाही.

मी खूप जणांना फसवलंय असं म्हणणार नाही, पण सौद्यात जेवढं चालतं तेवढं केलंय. कधी कोणाचा हात चोरला नव्हता. तो मी या आठ दिवसांत चोरला होता. त्यांच्या अंगानं अगदी खरं उत्तर दिलं होतं, आणि माझ्या हुशारीमुळे ते खोटं ठरलं होतं.

मी खिशातून पट्टी काढली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. एक टोक आकाशी, एक राखाडी, मधे कोरी.

"एकच तागा शे, नाना," मी म्हटलं. राग नसताना आईच्या बोलीत बोलल्याचं मला आठवत नाही. "दोन्ही मन्हंच शे. तुमचा हात बरोबर होता."

नानांनी पट्टी डोळ्यांनी पाहिलीच नाही. डोळे मिटले. अंगठा आकाशी टोकावर फिरवला, मग कोऱ्या भागावर, मग राखाडीवर, मग परत. एक मालगाडी येऊन गेली तरी त्यांचं चालूच. मग त्यांनी डोळे उघडले, आणि मला एक सणसणीत शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही, पण इतक्या आनंदानं मला कोणी शिवी दिलेली नाही.

"चोर शे तू."

"हो."

"उद्या जाऊन मालकाला सांगतो. माझी चूक झाली, दोन्ही कापड जळगावचं."

इथून आमची घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, सांगायचं नाही. ते म्हणाले, सांगणार. मी म्हटलं, सांगितलं तर सगळा किस्सा निघेल, तुमच्या हाताचा निघेल, लोक तीस वर्षांच्या निकालांवर शंका घेतील. माल तोच जाणार, भाव तोच, मग नाव पाचोऱ्याचं असलं म्हणून कोणाचं काय बिघडलं? ते म्हणाले, तुझं बिघडलं. मी म्हटलं, ते माझं मी बघेन. ते ऐकेनात. शेवटी मी माझा भाव सांगितला: गप्प बसायचं, आणि सोमवारी माझ्याबरोबर धुळ्याला डॉक्टरकडे यायचं. नाना म्हणाले, दोन्ही अटी कशा, एकच घे. मी म्हटलं, जोडीनंच मिळतात. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या तोट्यासाठी सौदा केला, आणि तो घट्ट केला.

त्यांच्या घराशी आलो. कुलूप उघडताना किल्ली त्यांनी डाव्या हातात घेतली. दाराच्या आत खिळ्यावर जुना, उडालेल्या रंगांचा दोन कापडांचा एक शर्ट टांगलेला होता. नानांनी माझी पट्टी त्याच खिळ्याला अडकवली. मग तिच्याकडे पाठ करून, दुसरंच काही बोलावं तसं म्हणाले, "कापड शे, भो."

ऐकायला तिथे कोणी नव्हतं. समोरच्या ओट्यावर एक शेळी बांधलेली होती, तिनंही मान वर केली नाही.

सोमवारी आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, उशीर केला, पण औषधानं थोडं परत येईल. किती ते सांगता येणार नाही. तेव्हापासून दर सोमवारी मी नरडाण्याला उतरतो, नानांना घेतो, आणि आम्ही एसटीनं जातो. जाताना नाना डावीकडच्या खिडकीशी बसतात, येताना उजवीकडच्या. सवय म्हणून. परतीच्या प्रवासात मी त्यांचा उजवा हात खिडकीच्या तापलेल्या गजावर ठेवतो आणि विचारतो, आंग काय म्हनस? बहुतेक वेळा ते नकाराची मान हलवतात. मागच्या सोमवारी शिंदखेड्याच्या फाट्याला त्यांनी हात किंचित मागे घेतला. मग गाडीच्या धक्क्यानं झालं असं म्हणाले. मीही तसंच म्हटलं.

साडू दसऱ्यापासून पाचोऱ्यात सांगत फिरतोय की नरडाण्याचं कापड सलग दोनदा आपलंच. मी ऐकून घेतो. बाजारात मला अजून पोतेवाले शेठ म्हणतात. मी कोणाची चूक दुरुस्त करत नाही.